मुलीला सॉरोरिटीत जाऊ द्यावं का?

ताई, पुढच्या ऑगस्टमध्ये तुम्ही सगळे अमेरिकेत येताय, मुलगी इथेच कॉलेजला जाणार आणि तिला सॉरोरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेत, जायचंय; जाऊ द्यावं का, असं विचारलंत. व्हिसाचं नि फीचं सगळं कॉलेजच्या साइटवर मिळेल, ते सोडून लिहिते.

दक्षिणेकडच्या मोठ्या कॉलेजांत वर्ग सुरू व्हायच्या आधीच ‘रश’, म्हणजे सॉरोरिटीतली निवड, असते. मुली एकेका सॉरोरिटीच्या घरी जाऊन गप्पा मारतात, रोज काही घरं गळतात, शेवटी ‘बिड’, म्हणजे प्रवेशाचं आमंत्रण, येतं. आमच्या लेकीच्या फॉर्मवर एक रकाना होता: आई, आजी, बहीण कुठल्या सॉरोरिटीत होत्या? मी सांगलीच्या लेडीज होस्टेलात राहिलेली. तो रकाना रिकामा गेला, ते मला अजून खुपतं. वर तेव्हा शिफारसपत्रं लागायची. नव्या गावात ओळखी आणायच्या कुठून? आता बऱ्याच सॉरोरिटींनी हे घराण्याचं झुकतं माप बंद केलंय, ते फार बरं झालं.

सॉरोरिटीच्या घरात बहुतेक ठिकाणी दारूला बंदी असते. पार्ट्या होतात त्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलग्यांच्या तशाच संघटनेच्या घरात. तिथून ती कुणाबरोबर परतणार, हे आधी ठरवून घ्या. २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात टिमथी पियाझा हा १९ वर्षांचा मुलगा फ्रॅटर्निटीत प्रवेशाच्या रात्री भरमसाट दारू पाजल्यावर जिन्यावरून पडला. जवळजवळ बारा तास कुणी मदत बोलावली नाही. तो गेला. आपल्याकडे रॅगिंग मुलांवर लादलं जातं. इथे मूल आपणहून गेलेलं असतं, म्हणून घरी तोंड उघडत नाही. डिसेंबर २०२४ च्या कायद्यामुळे रॅगिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांची नावं कॉलेजांना जाहीर करावी लागतात. ती यादी वाचाच.

एकटेपणाची काळजी नको, मुलांना माणसं मिळतात. आमच्या लेकीला ‘बिग’, म्हणजे तिला सांभाळून घेणारी मोठी मुलगी मिळाली. ताप आला तेव्हा सूप तिनेच करून दिलं, मला मागाहून कळलं. त्या वर्षी गणपतीला लेक घरी आली नाही; मीटिंग होती, गैरहजेरीला दंड. बरं झालं तिला कुणी आहे, असं मी सगळ्यांना सांगते. पण त्या मुलीचा हेवा वाटला, अजूनही वाटतो.

टेक्सासमधल्या ऑस्टिनला १९९८ मध्ये दक्षिण आशियाई मुलींनी कप्पा फाय गॅमा ही सॉरोरिटी काढली. तिची शाखा तुमच्या कॉलेजात आहे का बघा. कुठेही गेली तरी वर्गणी, घरात राहायची सक्ती, जेवणाचे पैसे आणि दंड, हे सही करण्याआधी लेखी मागून घ्या.