.४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरसाठी ओतीव शिशाची गोळी बॅरलच्या मापाची घ्यावी की सिलिंडरच्या?

सिलिंडरच्या थ्रोटच्या, म्हणजे प्रत्येक घराच्या पुढच्या अरुंद तोंडाच्या, मापाची घ्या. फक्त थ्रोट बॅरलच्या ग्रूव्हपेक्षा (आतल्या पेचदार खाचांमधल्या व्यासापेक्षा) किंचित, अर्धा ते एक हजारांश इंच, मोठा हवा. गोळी आधी थ्रोटमधूनच जाते. थ्रोट ०.४५० आणि ग्रूव्ह ०.४५१ इंच असेल, तर ०.४५२ ची गोळीही तिथे दाबली जाऊन बारीक होते. मग बॅरलमध्ये तिच्या बाजूने गरम वायू निसटतो आणि बॅरलच्या सुरुवातीच्या भागातच शिशाचा करडा थर चिकटतो. रिकामा सिलिंडर बाहेर काढून नुसती गोळी पुढच्या तोंडातून बोटाने ढकला. हलकीशी अडत सरकली की माप जमलं. सहाही घरं तपासा, त्यांच्यात फरक असू शकतो. मात्र थ्रोटच लहान असतील तर मोठ्या गोळीने काही साधत नाही. जाणत्या गनस्मिथकडून (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून) ते एकसारखे रीम करून, म्हणजे आतून कोरून मोठे करून, घ्या.