एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं यंत्र) नसलेल्या कॉलेजात एमएस्सीच्या मुलांकडून ॲनायन, म्हणजे ऋणभारित आयन, पकडणारं वलय (कड्यासारखा रेणू) करून घेता येईल का? कुठलं घ्यावं, तपासावं कसं?

येईल. मी रत्नागिरीकडे शिकवते, आमच्याकडेही एनएमआर नाही.

कॅलिक्स-४-पायरोल घ्या. पायरोल आणि ॲसिटोन सममोल, इथेनॉलमध्ये, भांडं बर्फात, वरून हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंब थेंब. घाई केली तर मिश्रण उसळतं, म्हणून हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). चार पायरोल, चार ॲसिटोन जुळतात, चार पाणी बाहेर पडतं आणि पांढरा साका बसतो. पायरोल मात्र ताजं डिस्टिल केलेलं हवं. कोऱ्या चहाच्या रंगाचं वापरलंत तर साकाही तपकिरीच येणार. तोंडीला हमखास विचारा: याचं पॉर्फिरिन (हिमोग्लोबिनमध्ये असतं तसलं रंगीत वलय) का होत नाही? पायरोलना जोडणाऱ्या कार्बनवर दोन मिथिल आहेत, ऑक्सिडेशनने काढून घ्यायला हायड्रोजन एकही नाही.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायरने हे वलय १८८६ मध्येच केलं होतं. ते ॲनायन धरतं हे अमेरिकेतल्या सेस्लर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं १९९६ मध्ये. करणं सोपं, कळणं अवघड, तेव्हा वेळ तपासणीला राखून ठेवा.

आम्ही रंगावर तपासतो. कोरड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये पॅरा-नायट्रोफिनोलेटचं टेट्राब्युटिलअमोनियम क्षार: पिवळाधमक. वलय घातलं की फिनोलेट त्याच्या चार एनएचमध्ये (पायरोलमधल्या नायट्रोजन-हायड्रोजन जोड्यांत) अडकतं, पिवळा फिका पडतो. मग फ्लोराइड घाला. ते फिनोलेटला हुसकतं, पिवळा परत. पण शेजारी वलय नसलेली नळी हवीच. फ्लोराइड चांगलंच बेस आहे, नायट्रोफिनॉल उरलं असेल तर ते नुसतंच पिवळं करून दाखवेल. क्लोराइडने फरक पुसट दिसतो: १९९६ च्या मापनात डायक्लोरोमिथेनमध्ये फ्लोराइडचा बंधन-स्थिरांक (वलय किती घट्ट धरतं त्याचं माप) १७,००० च्या घरात होता, क्लोराइडचा ३५०.

आणि हे पावसाळ्यात करू नका. एका जुलैत टेट्राब्युटिलअमोनियम क्लोराइड तोलत होतो, काट्यावरचा आकडा थांबेचना, ०.११२, ०.११४, ०.११७... वॉचग्लासवर बघतो तर पाक झालेला. हवेतलं पाणीच ओढत होतं ते. आता गणपती, दिवाळी उरकली की डिसेंबरात लावते. एनएमआरला एखादा नमुना मुंबईला पाठवा, मुक्त वलय आणि क्लोराइडसह, एवढे दोनच स्पेक्ट्रम. एनएचचा सिग्नल ७ पीपीएमच्या (एनएमआरच्या पट्टीवरचं एकक) आसपासून १०-११ कडे सरकलेला दिसला की मुलांचा विश्वास बसतो.

गेल्या वर्षी एकजण मांडवीच्या किनाऱ्यावरून बाटलीत समुद्राचं पाणी घेऊन आला. फिक्या नळीत दोन ड्रॉपर घातलं, पिवळा झळकन परत. "मॅडम, क्लोराइड!" मी म्हटलं, दुसऱ्या नळीत डिस्टिल्ड वॉटर घाल. घातलं. तीही पिवळी झाली, आणि शिवाय वलय गढूळ होऊन खाली बसायला लागलं. त्याने जर्नलात लिहिलेलं "क्लोराइड आढळले" तिथल्या तिथे खोडलं.