पत्रकं घरी ठेव, फावडं घे

‘ताई, मी अहिल्यानगरचा, वय २४. सीना नदीच्या पुरानंतर आमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ माढा तालुक्यातल्या एका गावात पाच दिवस सेवेला निघालाय. पाळकसाहेब म्हणतात, मदतीबरोबर सुवार्तेची, म्हणजे येशूच्या संदेशाची, पत्रकं नेऊ, संध्याकाळी प्रार्थनासभाही घेऊ. मला पटत नाही, पण बोललो तर विश्वासात कच्चा ठरेन. आई म्हणते जाऊच नको, धर्मांतराचा आळ घेऊन मारतील. तयारी काय करायची, तेही कळत नाही.’

अरे, जा. पण पत्रकं नकोत, आणि हे पाळकसाहेबांना आजच सांग. गाडी निघाल्यावर वाद घालू नकोस.

ज्याची दावणीची म्हैस वाहून गेली, त्याच्या हातात धान्याच्या पिशवीबरोबर कागद ठेवला तर तो ‘नको’ कसं म्हणेल? त्यातून हा पूर आला ऐन नवरात्रात. कुणाकुणाचे बसवलेले घट पाण्यात गेले असतील. त्या दारासमोर पेटी-तबला मांडून गायचं तुला खटकतंय, हे बरंच आहे.

पाळकसाहेबांशी बोलताना शास्त्राचाच आधार घे. येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या दयाळू शोमरोन्याने वाटेत पडलेल्या जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नव्हता. जखमांवर तेल-द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या रक्षकाला दोन दीनार देऊन तो वाटेला लागला. त्या गोष्टीत मला रक्षकच मोठा वाटतो. पुढची शुश्रूषा त्यानेच केली असणार. तुम्हीही पाच दिवसांनी परतणार, गाव तिथेच राहणार. तुमची प्रार्थना सकाळी मुक्कामाच्या जागी आपापसात खुशाल करा. कुणी विचारलं, तर कुठल्या चर्चची माणसं ते सरळ सांगा. लपवालपवीनेच संशय वाढतो.

आता तयारी. आधी सरपंच किंवा ग्रामसेवकाला फोन करून नेमकं काय हवंय ते विचार. कदाचित धान्य पुरेसं आलं असेल आणि अडलं असेल ते चाऱ्यावाचून. जुने कपडे तर गोळाच करू नका. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत अशा कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला तसेच पडून होते. पैसे जमवा आणि खरेदी शक्यतो माढ्या-कुर्डुवाडीच्या दुकानांतून करा, तिथल्या व्यापाऱ्याचाही धंदा बुडालाय. तुमचा शिधा, पिण्याचं पाणी, अंथरूण मात्र घरूनच न्या. पूरग्रस्तांच्या चुलीवर पाहुणे नकोत.

गाळ काढायला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारायचाच: ‘पंचनामा झाला का?’ उत्साही पोरं भिजलेलं धान्य, फुगलेलं कपाट, मोडका पंप उकिरड्यावर टाकून घर लख्ख करतात, मग तलाठी येतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही. झाला नसेल तर घरमालकाला सगळ्याचे फोटो काढून द्या, त्याच्याच फोनवर. गाळात सातबारा, पासबुक, रेशनकार्ड सापडलं तर ओले कागद ओढून सुटे करू नका, सावलीत पसरून वाळवा. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने टाकू नका, ते काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं.

गमबूट आणि जाड हातमोजे प्रत्येकाला हवेतच. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायावरच्या साध्या चिरेतूनही लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होऊ शकतो. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना भेटून धनुर्वाताचं इंजेक्शन आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांचं विचारून घ्या. अडगळीत हात घालण्याआधी काठीने ढोसून पाहा, तिथे साप बसलेला असतो. संघाचे फोटो? काढा की, गाळ उपसतानाचे. मदत घेणाऱ्याचा चेहरा त्यात येऊ देऊ नका.

आईची भीती खोटी नाही, अशा बातम्या तीही वाचते. तिच्याशी हुज्जत घालू नकोस. पत्रकं नेत नाही हे तिला सांग, तहसील कार्यालयात तुमची नावं आणि मुक्कामाची जागा लेखी कळवलीयत हे दाखव, सरपंचांचा नंबर तिच्या फोनमध्ये टाकून दे. एवढं करूनही पाळकसाहेब पत्रकांवरच अडून बसले, तर त्यांच्या गाडीतून जाऊ नकोस. त्या गावाला दिवाळीनंतरही माणसं लागतील. दोन-तीन मित्र घेऊन तेव्हा जा.