३५ हजारांचा कोर्स आणि हळदीचं डॉकिंग

वसमतजवळच्या एका हळद उत्पादक वडिलांनी विचारलं आहे: लेक नांदेडला बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. टीबी आणि म्हातारपणाचे आजार यांवर नवी औषधं शोधायच्या कामात जायचं, असं तिनं ठरवलंय. एका ऑनलाइन क्लासनं तीन महिन्यांच्या 'एआय ड्रग डिस्कव्हरी' कोर्सचे ३५ हजार सांगितलेत, वर शोधनिबंधाची हमी दिली आहे. विषयही ठरलाय, हळदीतल्या कर्क्युमिनचं टीबीच्या टार्गेटवर डॉकिंग. ५ हजार भरून झालेत. उरलेले भरू का? आणि पुढे एम. फार्म. की ड्रग इन्स्पेक्टरची तयारी?

नमस्कार. उरलेले ३० हजार भरू नका.

टार्गेट म्हणजे जंतूच्या किंवा आपल्याच शरीरातल्या प्रथिनावरची अशी जागा, जिथे औषध चिकटलं की आजाराचं काम अडतं. रेणू त्या जागेत बसेल का, याचा कॉम्प्युटरवर बांधलेला अंदाज म्हणजे डॉकिंग. त्यासाठी लागणारं ऑटोडॉक व्हिना फुकट मिळतं, प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत सगळ्यांना खुल्या आहेत, आणि साध्या लॅपटॉपवर हे काम होतं. व्हिना काहीही घातलं तरी आकडा देतं. त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे कळणं, हेच खरं शिकणं.

तुमच्या पिकाबद्दल थोडं कडू लिहितो. कर्क्युमिन चाचण्यांना फसवणारा रेणू म्हणून औषधरसायनात बदनाम आहे. ते पाण्यात टिकत नाही, स्वतःच प्रकाश देऊन यंत्राचं वाचन बिघडवतं आणि भलत्याच प्रथिनांना चिकटतं. म्हणून जिथे तपासावं तिथे 'लागू पडलं' असं दिसतं. तोंडानं घेतलेलं रक्तात फारच थोडं पोचतं. यानं हळदीचा भाव पडत नाही, पण मुलाखतीत जाणकार माणूस समोर असेल तर असा निबंध तिच्या बाजूनं बोलणार नाही.

त्यापेक्षा तिला एक सराव द्या. टीबीचं इन्हा नावाचं एन्झाइम घ्यायचं, ज्या रचनेत एखादा रेणू आधीच बसलेला आहे अशी. तो काढायचा आणि व्हिनाकडून पुन्हा बसवून घ्यायचा. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक) आत बसला तर मांडणी ठीक. मग आयसोनियाझिड हे टीबीचं औषध बसवून पाहायचं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. आयसोनियाझिड जसंच्या तसं इन्हाला चिकटत नाही. जंतूतलं कॅटजी एन्झाइम आधी त्याला जागं करतं, मग ते पेशीतल्या एनएडी या सहायक रेणूशी जोडलं जातं आणि ती जोडी इन्हाला अडवते. नुसतं आयसोनियाझिड डॉक करून आलेल्या आकड्याला अर्थ नाही. या औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत बहुतेकदा बिघाड कॅटजीत असतो, तोही यामुळेच. एवढं तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर ३५ हजारांचा कोर्स झाला समजा.

टार्गेटपासून सुरुवात केली की औषध मिळतंच असं नाही. ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं १९९५ ते २००१ मध्ये जीवाणूंविरुद्ध सुमारे ७० मोठ्या चाळण्या केल्या, म्हणजे ढीगभर रेणू एकदम तपासले, बहुतेक टार्गेट धरून. पुढे नेण्याजोगे रेणू मिळाले ५. एन्झाइम अडवणारा रेणू जंतूच्या आत शिरेलच असं नसतं, आणि शिरला तर जंतू त्याला पंपानं बाहेर फेकू शकतो. बेडाक्विलिन हे टीबीचं औषध उलट्या वाटेनं सापडलं. आधी टीबीच्या जंतूचा भाऊबंद असलेल्या जिवंत मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर रेणू चाळले, मग औषधाला न जुमानणारे जंतू तपासले, तेव्हा कळलं की ते ऊर्जा बनवणाऱ्या एटीपी सिंथेजला अडवतं. आज औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचा सहा महिन्यांचा उपचार याच औषधाभोवती उभा आहे.

वृद्धत्वाच्या आजारांत अडचण वेगळी. जंतू परका असतो, इथे टार्गेट आपल्याच पेशीत. जीर्ण पेशी काढून टाकायला बीसीएल-एक्सएल हे प्रथिन अडवणारं नॅव्हिटोक्लॅक्स आजमावलं, पण प्लेटलेटही त्याच प्रथिनावर जगतात, त्या घसरल्या. शिवाय परिणाम कळायला वेळ लागतो. अल्झायमरवरच्या लेकानेमॅबची मोठी चाचणी १,७९५ जणांवर १८ महिने चालली. आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. आधी संसर्गजन्य आजारांत हात बसवावा, असं माझं मत आहे. साध्या जीवाणूंवरच्या प्रयोगाचं उत्तर दोन-तीन दिवसांत मिळतं, चूकही लगेच कळते.

आठव्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असतोच. गाइडकडे एमआयसीचा, म्हणजे जीवाणूंची वाढ रोखायला औषध कमीत कमी किती लागतं ते मोजायचा, विषय मागा: ९६ घरांची प्लेट, मुलर-हिंटन ब्रॉथ (जीवाणू वाढवायचं द्रव), मिलिलिटरला साधारण ५ लाख जीवाणू, ३५ अंशांवर १६ ते २० तास. जीवाणू जास्त पडले की चांगलं औषधही कमी पडल्यासारखं दिसतं. नुसता डीएमएसओ (रेणू विरघळवायचं द्रव) घातलेलं एक घर हवंच, नाहीतर जंतू कशानं मेले ते कळत नाही. जीवाणू पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या जीवाणूसंग्रहातून कॉलेजच्या नावानं मागवता येतात. टीबीचा जंतू कॉलेजच्या लॅबमध्ये हाताळायचा नाही.

नोकरी लांब आहे असंही समजू नका. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत वॉकहार्टचं संशोधन केंद्र आहे. त्याच कंपनीचं न्यूमोनियावरचं नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं, दिवसातून एकदा, तीनच दिवस. मात्र मराठवाड्यात फार्मसीच्या बहुतेक नोकऱ्या उत्पादन आणि क्वालिटी कंट्रोलच्या आहेत. शोधाच्या कामाला एम. फार्म. किंवा एम. एस. फार्म. लागतंच, पुढे बहुधा पीएच. डी.

म्हणून शेवटच्या वर्षी जीपॅट, म्हणजे एम. फार्म.साठीची देशपातळीवरची परीक्षा. ती पास झाल्यावर नायपर या राष्ट्रीय औषधशिक्षण संस्थांची प्रवेश परीक्षा देता येते, आणि पदव्युत्तर शिक्षणात महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. शाखा घेताना फार्माकोलॉजी, मेडिसिनल केमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजी. फार्मास्युटिक्सकडे वळली तर वाट फॉर्म्युलेशनची, म्हणजे तयार औषधाची गोळी-इंजेक्शन बनवण्याची, होते. पुढे जेआरएफ ही पीएच. डी.च्या संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि घरभाडं, नंतर ४२,०००. म्हणजे बी. फार्म.नंतरचा बराच भार तुमच्या हळदीवर पडणार नाही.

ड्रग इन्स्पेक्टरच्या परीक्षेला बी. फार्म.ची पदवी चालते, ती परीक्षा हातची ठेवा. दोन्हींचा अभ्यास एकत्र मात्र नको, जीपॅट आधी.

आता भरलेले ५ हजार. पावती, जाहिरात आणि 'निबंधाची हमी' लिहिलेला व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा, प्रवेश रद्द करत असल्याचं लेखी कळवा आणि पैसे परत मागा. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं.