वाचक विचारतात : ‘टर्न ऑफ इट’ का चुकतं?

प्रश्न : फ्रेजल व्हर्ब्जच्या, म्हणजे ‘टर्न ऑफ’सारख्या जोडक्रियापदांच्या, याद्या पाठ केल्या, पण बोलताना एकही आठवत नाही. ‘प्लीज टर्न ऑफ इट’ चूक आहे असं ऑफिसात सांगितलं, कारण मात्र कुणी सांगेना. – एक वाचक, सांगली

उत्तर : पंखा बंद करायला ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही चालतं. पण ‘फॅन’च्या जागी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं : ‘टर्न इट ऑफ’. मोठ्याने म्हणून पाहा. आवाजाचा जोर शेवटच्या ‘ऑफ’वर पडतो, ‘इट’सारख्या हलक्या शब्दाला तो पेलत नाही. ‘देम’, ‘हिम’, ‘हर’ यांचंही तसंच. ‘लुक आफ्टर’, ‘रन इंटू’, ‘गेट ओव्हर’ मात्र फुटत नाहीत, त्यांच्या मध्ये काही बसत नाही : ‘लुक आफ्टर हर’, ‘गेट ओव्हर इट’. कोणतं फुटतं हे लर्नर्स डिक्शनरीत कळतं. तिथे ‘टर्न समथिंग ऑफ’ असं छापलं असेल तर फुटतं.

याद्या बाजूला ठेवा. नुसता अर्थ पाठ केला की कर्म कुठे ठेवायचं ते कळत नाही, आणि जीभ तिथेच अडते. खरं तर मराठी माणसाला ही रचना परकी नाही. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक, तोच ‘ईट’ आणि ‘ईट अप’मध्ये : ताटात काही उरू द्यायचं नाही. सिगारेट आपण ‘सोडून देतो’, इंग्रजीत ‘गिव्ह अप’. काम ‘करत राहतो’, तिकडे ‘कॅरी ऑन’. प्रत्येक जोडी जुळणार नाही, पण कान तयार होतो.

आठवड्याला पाचच घ्या. प्रत्येकाची स्वतःच्या कामातली दोन वाक्यं लिहा, एक नाम घेऊन, एक ‘इट’ घेऊन : ‘दे पुट ऑफ द मीटिंग.’ ‘दे पुट इट ऑफ टिल मंडे.’ दुसरं रोज मोठ्याने म्हणा. चूक तिथेच होते.

प्रश्न : ‘आय पास्ड आउट इन 2019’ आणि ‘कोप अप विथ’ चूक का?

उत्तर : ‘कोप अप’ चूकच, ‘कीप अप विथ’ आणि ‘पुट अप विथ’ यांच्या सवयीने तो ‘अप’ चिकटतो. म्हणायचं फक्त ‘कोप विथ’. ‘पास आउट’चं वेगळं. खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड होते, तिथे तो शब्द रास्तच आहे, आणि भारतात पदवीसाठीही सगळ्यांना कळतो. पण ब्रिटन-अमेरिकेतल्या माणसाला तुमच्या वाक्यातून तुम्ही 2019 मध्ये बेशुद्ध पडलात असं वाटेल. तिकडच्या अर्जात ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा.

प्रश्न : मराठी म्हणी इंग्रजीत तशाच वापरता येतात का?

उत्तर : काही येतात. ‘एका दगडात दोन पक्षी’ला ‘किल टू बर्ड्स विथ वन स्टोन’ हुबेहूब आहे. ‘आगीत तेल ओतणे’ला मात्र ‘ॲड फ्युएल टू द फायर’ म्हणा. तिथे ‘ऑइल’ घालायच्या नादात ‘पोअर ऑइल ऑन ट्रबल्ड वॉटर्स’ तोंडून गेलं, तर अर्थ नेमका उलटतो : भांडण मिटवणे.