डीएमएलटी की जीनोम सिक्वेन्सिंग?

तासगावच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी सांगलीत बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला, मध्यंतरी तिचे आजोबा मिरजेत आयसीयूत होते, रिपोर्टात क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला आणि औषधांच्या नावापुढं नुसती 'आर'ची (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) रांग, तेव्हापासून ती म्हणते जीनोम सिक्वेन्सिंगच, म्हणजे जंतूचा अख्खा डीएनए वाचायचं कामच करणार, आणि घरचे म्हणतात डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) कर, गावात लॅब टाकून देऊ.

ताई, डीएमएलटी वाईट नाही हो, पण तिला पडलेला प्रश्न वेगळाय. जंतूवर कुठलं औषध चालेल ते कल्चरमध्येच, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघितल्यावरच कळतं, तो आला कुठून ते मात्र कल्चर सांगत नाही. 2011 मध्ये अमेरिकेत एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेच्या हॉस्पिटलात असाच क्लेबसिएला पसरला, पहिली पेशंट घरी जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा दुसरा सापडला, मग एकेक करत 18 जण. संबंध काय तेच कळेना. शेवटी प्रत्येकाच्या जंतूचा जीनोम, म्हणजे 50-60 लाख अक्षरं, वाचून काढला, त्यातले मोजके फरक जुळवले तेव्हा कुणाकडून कुणाकडं गेला ते दिसलं, आणि सगळं त्या पहिलीपासूनच निघालं होतं. साफ केलेल्या व्हेंटिलेटरवर आणि सिंकच्या ड्रेनमध्येसुद्धा जंतू मिळाला. आता हात धुणं, पेशंट वेगळा ठेवणं हे करायलाच लागतं, सिक्वेन्सिंगनं ते सुटत नाही, फक्त नेमकं कुठं बघायचं ते कळतं.

मशीन चालवायला थोडीच माणसं लागतात, डेटा वाचणारी जास्त, म्हणून तिला आत्ताच लिनक्स आणि थोडं पायथन शिकू द्या. एनसीबीआय या अमेरिकन सरकारी वेबसाइटवर जंतूंचे जीनोम फुकट पडलेत, त्यावर हात बसवायचा. 'आठवड्यात बायोइन्फॉर्मेटिक्स' (कॉम्प्युटरवर जीनोमचा डेटा वाचणं) सर्टिफिकेटवाल्यांना पैसे देऊ नका, स्पष्टच सांगतो. नंतर एमएस्सीसाठी जीएटी-बी, आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षा द्यायच्या, पुणे विद्यापीठात बायोइन्फॉर्मेटिक्स आहे, कोल्हापूरला मायक्रोबायोलॉजी आहेच. नोकरी मात्र बहुतेक पुणे-बेंगळुरूकडं, सुरुवातीला प्रोजेक्टवरची, म्हणजे वर्षावर्षाचं काँट्रॅक्ट, आणि पुढं पीएचडी. पोरगी लांब राहील याची घरात तयारी ठेवा.

आणि प्लेट, म्हणजे हातानं जंतू वाढवून बघणं, सोडायची नाही! मुलर हिंटन अगारवर (जंतू वाढवायची जेली) औषधाची डिस्क ठेवून दुसऱ्या दिवशी झोन, म्हणजे तिच्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, मिलिमीटरमध्ये मोजणं ज्याला नीट जमत नाही त्याला जीनोममधला रेझिस्टन्सचा जीन दिसला तरी तो खरंच काम करतोय का ते कळणार नाही. सुट्टीत मिरजेतल्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये बसू देतील का, हे कॉलेजच्या एचओडींचं पत्र घेऊन तिनं स्वतः जाऊन विचारावं, बाबांना पुढं करू नका.