'दंगल उसळली' की 'दंगल केली'?

प्रश्न असा आहे : १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांवर चालून गेले, त्याबद्दल लिहिताना 'दंगल उसळली' म्हणावं की 'शेतकऱ्यांनी दंगल केली'? दोन्ही बरोबर आहे का?

व्याकरणाला दोन्ही चालतात. अर्थाला मात्र नाही.

दंगल काय काय करते ते पाहा. ती उसळते, भडकते, पेटते, पसरते, आटोक्यात येते. ही क्रियापदं पाण्याची, आगीची, नाहीतर साथीची. वाक्यात दंगल हीच कर्ता होऊन बसते आणि माणसं गायब होतात. गर्दीच्या मनाबद्दल लिहिणाऱ्या फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल बाँनं १८९५ मध्ये जवळपास हेच मांडलं होतं : जमावात शिरला की माणसाचा विवेक सुटतो आणि भावना रोगासारखी एकाची दुसऱ्याला लागते. 'उसळली' लिहिताना आपण नकळत कारणही सांगून मोकळे होतो.

आता सुपं घ्या (बारामतीजवळचं, पारनेरचं नव्हे). १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी तिथल्या पेठेत जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या नि खतं मागितली. इथलं 'खत' शेतात घालायचं नव्हे. गहाणखत, खरेदीखत यांतलं, म्हणजे लिहून दिलेला कागद. ती खतं जाळली. धान्याची दुकानं लुटली, काही घरांनाही आग लावली. पण ज्यानं मुकाट्यानं कागद काढून दिले, त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. भान सुटलेला जमाव कागद निवडून जाळत बसत नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर तिथला कापूस पुन्हा बाजारात आला नि इथल्या कापसाचे भाव कोसळले होते, शेतसारा वाढला होता, आणि कोर्टात कर्जदार शेतकऱ्याच्या विरुद्ध उभा राहायचा तो हाच कागद. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये धान्य महाग झालं की लोक रस्त्यावर येत. त्याबद्दल इतिहासकार ई. पी. थॉम्सन यांचं म्हणणं असं, की नुसती भूक त्यांना उठवत नव्हती. रास्त काय याची जी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, ती मोडल्याचा तो राग होता. सुप्याला हे मला फार लागू वाटतं.

म्हणून इथे 'उसळली' नको. 'दंगल'ही नकोच, तो सरकारी कागदांतल्या 'रायट्स'चा अनुवाद आहे. 'उठाव' म्हणा.

मात्र सगळीकडे 'उठाव' लावू नका. धार्मिक दंगलींत 'उसळली' हा शब्द वेगळीच गोष्ट झाकतो. अलीगढचा अनेक वर्षं अभ्यास करणारे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ पॉल ब्रास यांनी दाखवलं, की अशा ठिकाणी निखारा विझू न देणारी, वेळ आली की फुंकर घालणारी माणसं ठरलेली असतात. पुरावा असेल तिथे सरळ 'घडवली' लिहावं.

'दंगेखोर' वापरतानाही थांबा. 'खोर' लागला की भांडखोर, लाचखोर यांसारखी सवय चिकटते. एकदाच, पोटाला चिमटा बसल्यावर कागद जाळणाऱ्याला तो शब्द अन्यायाचा आहे. 'बंडखोर' मध्येही तोच प्रत्यय आहे, पण त्या शब्दाला आपण मान मिळवून दिला.

तुमच्या जागी मी एवढंच लिहीन : 'सुप्याच्या पेठेत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली.'